सवाई जयसिंगाचे पाहुणे

जयपूरला सहलीस गेलेली आपली मंडळी जंतरमंतर पाहून येतात, सम्राट यंत्राच्या पायथ्याशी छायाचित्रे काढून घेतात आणि सुमारे 90 फूट उंचीच्या त्या तिरप्या भिंतीची सावली 2 सेकंदांपर्यंत वेळ सांगते, हे ऐकून थक्क होतात. आम्हीही झालो होतो. परंतु ती वेधशाळा उभी राहिली त्या काळात येशूसंघाचे धर्मगुरू राजाच्या निमंत्रणावरून जयपुरात येऊन राहिले होते, ही गोष्ट आम्हांस तेथे कोणी सांगितली नाही. ती पुढे ग्रंथांतून कळली. परदेशातील विद्वानांना मानाने बोलावून आपल्या देशी आणावे, हा विचार आज नवा वाटतो. आपल्याच भूमीवर तो सुमारे तीनशे वर्षांपूर्वी करून पाहिला गेला होता. त्यातून काय साधले आणि काय निसटले, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

सवाई जयसिंग (1688–1743) हा आंबेरचा राजा, मोगल दरबारातील मोठा मनसबदार आणि जातिवंत ज्योतिर्विद. दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा व वाराणसी या पाच ठिकाणी त्याने वेधशाळा बांधविल्या. समरकंदच्या उलुगबेगाची कोष्टके त्याने अभ्यासली होती. ग्रहांची प्रत्यक्ष स्थाने आणि जुन्या कोष्टकांतील स्थाने जुळत नाहीत, पंचांग चुकते, हे त्याचे मुख्य दुखणे. त्याच्या पदरी जगन्नाथ सम्राट नावाचे पंडित होते. त्यांनी युक्लिडची भूमिती अरबीवरून संस्कृतात आणली. 'रेखागणित' नावाचा तो ग्रंथ पुढे 1901–02 मध्ये मुंबईस छापला गेला. अरबी, फार्सी व संस्कृत या तीन वाटांचे ज्ञान राजाच्या हाताशी होते. चौथी वाट युरोपची, आणि ती त्याला दाखविली आग्र्याच्या मिशनमधील फादर मानुएल द फिगेरेदो यांनी.

युरोपात वेधशाळा आहेत, तेथे नवी कोष्टके तयार झाली आहेत, हे ऐकल्यावर राजाने 1727 साली फादर मानुएल यांच्याबरोबर आपली जाणती माणसे गोव्याच्या मार्गाने पोर्तुगालला धाडली. मंडळी 1729 मध्ये लिस्बनला पोहोचली. कर्नल टॉड या इंग्रज इतिहासकाराने तेव्हाच्या पोर्तुगीज राजाचे नाव इमॅन्युएल असे लिहून ठेवले आहे. ती चूक आहे. गादीवर पाचवा जुआंव होता, आणि ब्राझीलच्या सोन्याने त्याची तिजोरी भरलेली होती.

पॅरिस नाही, लंडन नाही, लिस्बनच का? याचे उत्तर आपल्या घरचेच आहे. आग्र्याचे मिशन पोर्तुगीज पाद्रोआदोखाली, म्हणजे राजाश्रयाखाली, होते, आणि त्याची वाट गोव्यावरून जात असे. राजाला ज्या दाराची माहिती मिळाली, त्या दाराशी तो गेला. गंमत अशी की त्या दाराआडही पाहुणेच होते. जुआंवने स्वतःच्या दरबारासाठी नेपल्सचे दोन येशूसंघीय गणिती, फादर कार्बोने आणि फादर कापासी, 1722 साली बोलावून घेतले होते. त्यांतील कापासींना 1729 मध्येच, जयपूरची मंडळी लिस्बनला आली त्याच वर्षी, ब्राझीलचे नकाशे काढण्यासाठी समुद्रपार पाठविण्यात आले. ज्याच्याकडे आपण विद्वान मागावयास जावे, तो स्वतःच विद्वान उसने आणीत होता!

तरीही मंडळी रिकाम्या हाताने परतली नाहीत. त्यांच्यासोबत पेद्रो द सिल्वा नावाचे वैद्यक व ज्योतिष जाणणारे गृहस्थ जयपूरला आले आणि तेथलेच झाले. हे सिल्वा घराणे पुढे अनेक पिढ्या हकिमी करीत जयपुरात नांदले. दुसरी भेट म्हणजे पॅरिसच्या वेधशाळेतील ला हीर यांची कोष्टके. जयसिंगाने ती आपल्या वेधांशी ताडून पाहिली आणि आपल्या 'झिज-इ-मुहम्मदशाही' या फार्सी ग्रंथाच्या प्रस्तावनेत निःसंकोचपणे लिहिले की, चंद्राच्या स्थानात यांची अर्ध्या अंशाची चूक येते आणि ग्रहणाची वेळ पाव घटकेने, म्हणजे 15 पळांनी, पुढेमागे होते. याचे कारण त्याने असे दिले की, युरोपियनांची यंत्रे आकाराने लहान असावीत.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. पाहुण्याने आणलेली वस्तू तपासून घेणारा, तिच्यातील उणे मोजून सांगणारा हा यजमान खरोखर थोर होता. परंतु त्याने दिलेले कारण मात्र बरोबर नव्हते. सूर्य हा बिंदू नसून बिंब आहे; त्यामुळे भिंत जितकी उंच तितकी सावलीची कड अधिक धूसर होत जाते. युरोपात तोवर वेधयंत्रांना दुर्बिणी जोडल्या गेल्या होत्या आणि बारकाई तेथून येत होती. जयसिंगाजवळही दुर्बीण होती. शुक्राची कोर, गुरूचे चार चंद्र, सूर्यावरील डाग ही सर्व दृश्ये पाहिल्याची नोंद त्याच प्रस्तावनेत आहे. गॅलिलिओने जे पाहिले तेच जयसिंगाने पाहिले. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे अनुमान मात्र त्याच्या ग्रंथात नाही.

आता कॅथलिक वाचकाला बोचणारा प्रश्न. आपल्या धर्मगुरूंनी ती गोष्ट त्याच्यापासून लपविली काय? काही अभ्यासकांनी तसा ठपका ठेवला आहे. कोपर्निकसचा ग्रंथ 1616 पासून निषिद्ध ठरला होता आणि सूर्यकेंद्री ग्रंथांवरील सरसकट बंदी 1758 साली उठली. जयपूरचा सारा खटाटोप या दोन सालांच्या मध्ये घडला, हे आपण नाकारू नये. त्या बंदीची सावली या कामावर पडली होती असे आम्हांस वाटते. गॅलिलिओ प्रकरणी चूक झाली हे पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1992 साली उघडपणे मान्य केल्यानंतर आपण ते कुजबुजत बोलण्याचे कारणही उरलेले नाही. परंतु तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. ला हीर यांनी आपली कोष्टके कोणतेही गृहीतक न धरता केवळ निरीक्षणांवरून केल्याचे ग्रंथाच्या शीर्षकातच सांगितले होते. त्यांत आकडे होते, त्यांमागची उपपत्ती नव्हती. राजाने पंचांग सुधारण्यासाठी आकडे मागितले आणि त्याला आकडे मिळाले. काय मागावे, हेही एक ज्ञानच असते, आणि ते शिकविणारा सोबती त्याला मिळाला नाही.

राजाने निमंत्रणे थांबविली नाहीत. बंगालमधील चंद्रनगरहून फादर बूदिये आणि फादर पाँस हे फ्रेंच येशूसंघीय 1734 च्या जानेवारीत निघाले. वाटेत गावोगावचे अक्षांश-रेखांश मोजीत ते जयपूरला पोहोचले. दिल्लीत त्यांनी सूर्यग्रहणाचा वेध घेतला. ते फार काळ राहिले नाहीत. यांतील पाँस यांनी पुढे संस्कृत भाषेविषयी लिहिलेले पत्र युरोपात गाजले. म्हणजे शिकवावयास आलेला पाहुणा शिकूनही गेला. (दुसऱ्याच वर्षी बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई यात्रेनिमित्त जयपूरला आल्या आणि जयसिंगाने त्यांचाही आदरसत्कार केला. अतिथ्य हा त्या माणसाचा स्वभावच दिसतो.) पुढे 1739 साली आपल्या वसईवर चिमाजीअप्पांचा झेंडा लागला, उत्तरेकडील पोर्तुगीज सत्ता मोडली. तरी 1740 मध्ये फादर स्ट्रोबल आणि फादर गाबेल्सपेर्गर हे दोघे जर्मन धर्मगुरू जयपूरला पोहोचलेच. गाबेल्सपेर्गर एका वर्षातच, 1741 साली, तेथे निवर्तले.

याच जातीचा दुसरा एक प्रयत्न येथे आठवतो. बोलोन्याचे ज्योतिर्विद कासिनी हे पोपच्या सेवेत होते. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने त्यांना 1669 साली पॅरिसला नेले, तेही पोपकडून ठरावीक मुदतीची रजा मागून. कासिनी परतले नाहीत. फ्रान्सचे नागरिक झाले, आणि पॅरिसच्या वेधशाळेची धुरा त्यांच्या घराण्यात चार पिढ्या राहिली. तेथे पाहुण्याभोवती संस्था होती, सहकारी होते, शिष्य होते, छापखाना होता. (लुईचेही सगळे गोड नव्हते. हॉलंडहून आणलेले हायगेन्स प्रोटेस्टंट होते. ते आजारपणामुळे मायदेशी गेले, आणि 1685 साली राजाने प्रोटेस्टंटांचे संरक्षण काढून घेतल्यावर त्यांना परतण्याजोगे पॅरिस उरले नाही.) जयपुरात यंत्रे पॅरिसपेक्षा भव्य होती, यजमान लुईपेक्षा कितीतरी अधिक जाणता होता. परंतु पाहुण्यांच्या बाजूने बोलणारे, त्यांच्याशी भांडणारे, त्यांच्यामागून काम उचलणारे विद्यालय तेथे घडले नाही. केवलराम नावाच्या पंडिताने ला हीर यांची कोष्टके संस्कृतात आणली, हे खरे. पण सगळा गाडा एका माणसाच्या उत्साहावर चालत होता.

तो माणूस 1743 च्या सप्टेंबरात वारला. मुलांमध्ये गादीचा तंटा सुरू झाला. स्ट्रोबल काही काळ थांबले आणि निघून गेले. आणि त्याच 1743 साली टिरोलचा एक तरुण येशूसंघीय, फादर योसेफ टीफेनथालर, गोव्याच्या बंदरात उतरला. त्याची नेमणूक जयसिंगाच्या वेधशाळेसाठी झालेली होती.

बोलावणारा गेला होता. आलेल्याने मात्र परतीचे गलबत धरले नाही. टीफेनथालर आग्र्याकडे गेले, नरवरला वर्षानुवर्षे राहिले आणि उभा हिंदुस्थान पालथा घालून त्याचे भूवर्णन लिहीत राहिले. ते बर्लिनला 1785 पासून प्रसिद्ध होऊ लागले. मध्यंतरी पोर्तुगालने येशूसंघाला हाकलले, 1773 साली तर संघच विसर्जित झाला. पाठीशी ना राजा, ना संघ. या भटकंतीत त्यांनी जयपूरची वेधशाळाही पाहिली, पण ती प्रवासी म्हणून. त्यांनी लिहून ठेवले की, जागा सखल आहे आणि भोवती भिंती आहेत, त्यामुळे ताऱ्यांचे उदयास्त दिसत नाहीत. आणि यंत्रे चुन्यागच्चीची असल्याने त्यांवर बिनचूक वेध घेता येणार नाहीत. ही टीका जयसिंगाच्या हयातीत, त्याच्यासमोर बसून झाली असती तर तो रागावला असता असे आम्हांस वाटत नाही. त्याने ती आधी मोजून पाहिली असती.

टीफेनथालर 1785 साली लखनौस वारले. त्यांचा देह आग्र्याच्या मिशनमध्ये आणून पुरण्यात आला.