बारा अधिकाऱ्यांचा चहा-संच

१/ चहाच्या संचाचे चित्र काढायला बसलेला माणूस बहुधा किटलीपासून आरंभ करतो. परंतु इ.स. १२६९ मध्ये चीनमध्ये सिद्ध झालेल्या एका चित्रग्रंथात चहाची बारा उपकरणे आहेत आणि त्यांत चहाची किटली नाही!

२/ ग्रंथाचे नाव ‘छाजू थुझान’, म्हणजे चहाच्या उपकरणांची सचित्र प्रशस्ती. कर्त्याने ‘शन-आन लाओरन’, अर्थात वृद्ध शन-आन, हे टोपणनाव घेतले. त्याचे खरे नाव त्यामागे झाकलेलेच राहिले.

३/ किटली का नाही? सोंग काळी चहाची पाने उकळत्या पाण्यात टाकून मुरवण्यापेक्षा, वाफवलेल्या पानांच्या दाबून केलेल्या वड्या वापरण्याला प्रतिष्ठा होती. वडी शेकायची, फोडायची, दळायची, चाळायची; मग ते पीठ कटोऱ्यात घेऊन वरून गरम पाणी ओतायचे आणि फेस येईपर्यंत घुसळायचे.

४/ बारा चित्रे याच क्रियांना अनुसरतात : शेकण्याची बांबूची शेगडी, लाकडी उखळ, धातूचे दळणयंत्र, दगडी जाते, भोपळ्याची पळी, चाळण, कुंचा, कटोऱ्याची लाखकामाची बैठक, कटोरा, पाण्याची झारी, बांबूची रवी आणि शेवटी पुसण्याचे फडके.

५/ ग्रंथाची खरी गंमत पुढेच आहे. प्रत्येक उपकरणाला आडनाव व सरकारी हुद्दा बहाल केला आहे. जात्याचे आडनाव ‘शी’, म्हणजे दगड. हे चिनी लोकांत रूढ आडनावही आहे. त्याचा हुद्दा मालवाहतुकीच्या अधिकाऱ्याचा, कारण त्या पदनामातच ‘फिरणे’ या अर्थाचे अक्षर येते. झारीचे आडनाव ‘थांग’, म्हणजे गरम पाणी.

६/ कटोऱ्याला सशाच्या बागेतील सन्माननीय पाहुणा म्हटले आहे. फूज्येन प्रांतातील काळ्या कटोऱ्यांवर सशाच्या लवेसारख्या बारीक रेषा उमटत. काळ्या पार्श्वभूमीवर चहाचा पांढरा फेस उठून दिसे, म्हणून त्यांना मान होता.

७/ ज्या राज्याचे हुद्दे या भांड्यांना लाभले, ते राज्य मात्र मोडकळीस आले होते. १२७६ मध्ये राजधानी लिन-आन (आजचे हांगचौ) मंगोलांच्या हाती गेली. १२७९ मध्ये सोंग राजवट संपली. जाते आणि रवी मात्र त्यानंतरही टिकून राहिली.

८/ त्यांच्यावर निर्णायक घाव घातला तो एका फर्मानाने. १३९१ मध्ये मिंग सम्राट होंगवू याने दरबाराला वड्यांच्या रूपाने जाणारा चहा बंद केला. त्या घडवण्यात रयतेचे श्रम फार खर्ची पडत. सुट्या पानांचे युग आले. दळणे संपले, तेव्हा जाते, चाळण, रवी यांचे कामही संपले.

९/ पाने मुरवण्यासाठी आता किटली हवी होती. यीशिंगच्या जांभळट मातीची किटली याच काळात उदयास आली. नानजिंगजवळ १५३३ मधील एका दरबारी सेवकाच्या थडग्यात सापडलेली किटली ही तिच्या आरंभीच्या नमुन्यांपैकी एक होय.

१०/ रवी जपानमध्ये तगली. बौद्ध भिक्षूंनी तेथे नेलेली पूड-चहाची रीत आजही चालू आहे. चीनमध्ये मिंग काळातील मुद्रकांनी तो छोटा ग्रंथ पुन्हा छापला. म्हणून हाताची सवय मोडली, तरी बारा अधिकाऱ्यांचे चेहरे आणि त्यांचा कामाचा क्रम आजही डोळ्यांपुढे उभा राहतो.