वऱ्हाडचें खुराडें

"कोंबडें झांकून ठेवलें म्हणून उजाडावयाचें राहत नाहीं" ही म्हण मराठी घरांत लहानथोर सर्वांच्या तोंडीं असते. सत्य दडपूं पाहणारास चिमटा काढण्याकरितां ती वापरतात. परंतु कोंबडें झांकावयाचें कशानें, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. झांकण्याची ती वस्तु म्हणजे बुरुडानें विणलेलें डालगें. तिन्हीसांजेस घरची बाई दाण्याची मूठ टाकून कोंबड्या ओसरीच्या कोपऱ्यांत गोळा करी, त्यांवर डालगें पालथें घाली आणि वर दगड ठेवून निश्चिंत होई. या कृतीस मराठींत डालणें असें स्वतंत्र क्रियापदच आहे. गोठा, कोठार यांच्याप्रमाणें कोंबडीच्या निवाऱ्यासहि इतिहास आहे, आणि वऱ्हाडांत तरी तो केवळ कुतूहलाचा विषय नाहीं. अमरावती-अकोल्याकडील एखाद्या कुटुंबानें आज परसदारीं सहा-आठ कोंबड्या ठेवण्याचें मनांत आणलें, तर बाजारांत लोखंडी पिंजरे, पत्र्याच्या पेट्या, प्लॅस्टिकच्या जाळ्या अशा अनेक वस्तु समोर येतात. त्यांपैकीं कोणती वस्तु कोणत्या हवेंतून व कोणत्या गरजेंतून निघाली हें ठाऊक असलें म्हणजे पैसा कोठें घालावा आणि कोठें राखावा याचा उलगडा लवकर होतो.

मेळघाटच्या रानांत राखी रानकोंबडा आजहि आढळतो. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तो नव्हे. तो मान आग्नेय आशियांतील तांबड्या रानकोंबड्याचा. तथापि २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत असें दिसून आलें कीं, पुष्कळशा पाळीव कोंबड्यांच्या कातडीस जो पिवळा रंग असतो, त्याचा वंशगुण राखी रानकोंबड्याकडून आलेला आहे. खुराड्याच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट मात्र निराळीच. हे दोन्ही पक्षी दिवसां जमिनीवर चरतात आणि रात्रीं झाडाच्या फांदीवर बसतात. हजारों वर्षें माणसाळूनहि कोंबडीची ही खोड गेलेली नाहीं. अंधार पडूं लागला कीं ती उंच जागा धुंडाळते, आणि न मिळाल्यास नाइलाजानें भुईवर बसते. डालग्यांत तिची ही गरज मुळींच भागत नसे.

जुन्या वाड्यांत खुराडें कां सांपडत नाहीं, याचें उत्तर धर्मशास्त्रांत आहे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत द्विजांना निषिद्ध ठरविलेल्या भक्ष्यांत ग्रामकुक्कुट, म्हणजे गांवांत वावरणारा कोंबडा, स्पष्टपणें येतो. त्यामुळें कोंबडी राहिली ती कष्टकऱ्यांच्या अंगणांत, त्या काळीं ज्यांस महारवाडा-मांगवाडा म्हणत त्या वस्त्यांत, मुसलमानांच्या मोहल्ल्यांत आणि डोंगरांत कोरकूंच्या घरीं. तिचे धनी गरीब, आणि त्यांतहि मालकी बहुधा बाईची. अंडीं विकून आलेला पैसा हा तिच्या हातचा पैसा. मीठमिरची, दिव्याचें तेल, मुलाची पाटी यांची सोय त्यांतून होई. नवसाचें कोंबडेंहि याच खुराड्यांतून निघे. अमरावती जिल्ह्यांत १८७६ सालीं जन्मलेल्या गाडगे महाराजांनीं देवापुढें कोंबडें-बकरें कापण्याविरुद्ध जन्मभर कीर्तनें केलीं, तीं मुख्यतः अशाच घरांतील माणसांसमोर. या घरांना खुराड्यावर रोख खर्च करणें शक्य नव्हतें. शेतांत व घरांत जें फुकट पडलें असेल त्याचेंच तें होई.

आणि वऱ्हाडांत फुकट काय पडतें, तर पऱ्हाटी आणि तुराटी. कापूस वेचून झाला कीं उरणारीं झुडपें तीं पऱ्हाटी. तूर झोडून झाली कीं उरतात त्या काड्या म्हणजे तुराटी. त्यांचा कूड विणावा, त्यास दोहों बाजूंनीं शेणामातीनें लिंपावें, वर कडबा किंवा शिंदीचे फडे घालावे, आणि फळकुटाचें एक दार करावें, कीं खुराडें तयार. शहाणी बाई तें भुईसपाट कधीं करीत नसे. वऱ्हाडची काळी जमीन उन्हाळ्यांत हात जाईल इतकी भेगाळते आणि पावसाळ्यांत तिचा नुसता चिखल होतो. त्या ओलीवर निजलेली कोंबडी फार दिवस टिकत नाहीं. म्हणून दगड व मुरूम घालून आधीं हातभर उंचीचा ओटा, आणि त्यावर कूड. हें घर उन्हांत थंड राही, कारण माती व कडबा यांतून ऊन लवकर आंत शिरत नाहीं.

त्याचें वैगुण्य रात्रीं दिसे. मांजर कूड ओरबाडून भोंक पाडतें, उंदीर तें रुंद करतात आणि मग एके रात्रीं मुंगूस आंत जातें. मुंगुसाची रीत अशी कीं, खाईल एक आणि मारील सगळ्या. वर्षभर राखलेला बाईचा पैसा एका रात्रींत जाई. खुराड्याच्या इतिहासांत हवा, ओल, रोग यांची चर्चा शास्त्रज्ञांनीं पुष्कळ केलेली आहे. पण ज्यांच्या कोंबड्या होत्या त्यांस पहिली धास्ती ही होती, आणि ती यथार्थ होती.

वऱ्हाड १८५३ च्या तहानें निजामाकडून इंग्रजांच्या कारभारांत आला व १८६७ मध्यें आगगाडी अकोला, बडनेरा ओलांडून नागपुरास पोंचली. त्याच सुमारास विलायतेंत कोंबड्यांचें वेड शिगेस पोंचून ओसरलेलें होतें. १८४० नंतरच्या दशकांत व्हिक्टोरिया राणीनें विंडसर येथें खास कुक्कुटगृह बांधविलें. तेथें आणलेल्या भारदस्त पक्ष्यांस कोचीन असें नांव पडलें, वास्तविक तो पक्षी चीनचा! अमरावतीच्या कँपांतील साहेबांच्या बंगल्यामागें खानसाम्याचीं खुराडीं आलीं, तीं राणीच्या हौसेनें नव्हे, पोटासाठीं. मुक्कामाच्या बंगल्यांत पाहुणा उतरला कीं अंगणांतली कोंबडी धरून तासाभरांत ताटांत येई. या पदार्थास त्या लोकांत "अकस्मात मृत्यु" असें विनोदी नांव होतें व तें १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशांत नोंदलेलें आहे.

परंतु आगगाडीनें खुराड्याच्या दृष्टीनें अधिक मोलाच्या वस्तु आणल्या. पन्हळी पत्रा लंडनमध्यें १८२९ सालीं निघाला. वऱ्हाडांत तो जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांवर चढला आणि तेथून भंगार होऊन घराघरांत उतरला. तारेची जाळी यंत्रावर विणण्याची युक्ति नॉर्विच गांवच्या चार्ल्स बर्नार्डनें १८४४ मध्यें काढली. तिसरी वस्तु घासलेटचा चार गॅलनचा चौकोनी डबा, आणि असे दोन डबे मावणारें लांकडी खोकें. डबा उभा कापून पसरला कीं पत्रा होई. खोकें आडवें ठेवलें कीं कोंबडीस अंडीं घालावयास उत्तम जागा. गरिबाच्या हातीं फुकटाची आणखी एक सामग्री आली, इतकेंच.

या तिघांपैकीं जाळीनें वऱ्हाडचें भलें केलें, खोक्यानेंहि केलें. पत्र्यानें मात्र घात केला. पत्रा टिकतो, गळत नाहीं आणि स्वस्त पडतो, म्हणून तो आजहि लोकांस भुरळ घालतो. विलायतेच्या थंड व पावसाळी हवेंत तो शोभतो. अकोल्यास मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत चढणें नवलाचें नाहीं. कोंबडीच्या शरीराची मूळचीच उष्णता सुमारें ४१ अंश. तिला घाम येत नाहीं, चोंच उघडून धापा टाकणें हाच तिचा गारव्याचा उपाय. चोहोंकडून पत्रा असलेल्या पेटींत दुपारीं रवणावर बसलेली कोंबडी अक्षरशः भाजून निघते आणि अंडीं नासतात. पत्रा घालावयाचाच असेल तर त्यावर वीतभर कडब्याचा किंवा गवताचा थर हवा, आणि वळचण फूट-दोन फूट पुढें हवी. त्यापेक्षां कवेलू बरे.

आतां मातीच्या भिंतीच्या दुसऱ्या शत्रूकडे वळलें पाहिजे, कारण त्याची ओळख फार उशिरां पटली. कोंबडीचा गोचीड हा दिवसां भिंतीच्या भेगेंत किंवा लांकडाच्या सांध्यांत लपतो आणि रात्रीं बाहेर येऊन रक्त पितो. त्यामुळें दिवसां पक्षी तपासणाऱ्यास तो बहुधा दिसतच नाहीं. अन्नावांचून तो वर्षाहूनहि अधिक काळ जगतो. खुराडें सहा महिने रिकामें ठेवलें तरी नव्या कोंबड्यांस तो शिल्लक असतोच. १९०३ मध्यें मार्शू व सालिंबेनी या दोन शास्त्रज्ञांनीं ब्राझीलमध्यें दाखवून दिलें कीं, कोंबड्यांस होणारा एक जीवघेणा ताप याच गोचिडाच्या चाव्यानें पसरतो. या शोधाचा अर्थ असा कीं, पक्क्या बांधणीचें, पुष्कळ सांध्यांचें, महागडें लांकडी खुराडें हें गोचिडाचें कायमचें वतन होऊन बसतें. उलट कुडाचें खुराडें दरवर्षीं मोडून जाळतां येतें व नवें उभारतां येतें. ज्या कच्चेपणाला सुधारक नांवें ठेवीत, तोच येथें गुण ठरला.

मानमोडीची गोष्ट निराळी. हा शब्द वऱ्हाड-महाराष्ट्रांत १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या सांथीसहि लोकांनीं लावला होता, यावरून त्याची दहशत कळते. कोंबड्यांची मानमोडी १९२६ मध्यें जावा बेटांत व इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें ओळखली गेली. लवकरच कुमाऊंतील राणीखेतास ती आढळली आणि हिंदुस्थानांत तिला राणीखेत हेंच नांव पडलें. तिच्यावरील लस १९४० नंतरच्या दशकांत मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेंत तयार झाली. ही प्रयोगशाळा मूळची पुण्याची. १८८९ सालीं ती तेथें निघाली व १८९३ मध्यें हिमालयांत नेली गेली. मानमोडी कोणत्याहि खुराड्यास जुमानीत नाहीं. राजवाडा बांधून लस न टोंचणाऱ्यापेक्षां कुडांत ठेवून लस टोंचणारा शहाणा, हें पशुवैद्य तेव्हांपासून सांगत आलेले आहेत.

सरकारी प्रयत्नांचा वृत्तान्त थोडक्यांत पुरे. १९२८ च्या शेतकी कमिशनच्या अहवालांत कोंबड्या पाळणें हा खेड्यांतील जोडधंदा म्हणून गणला गेला. १९४२ पासून "अधिक धान्य पिकवा" ही चळवळ चालली. अमरावती जिल्ह्यांतील पापळचे पंजाबराव देशमुख १९५२ पासून १९६२ पर्यंत देशाचे कृषिमंत्री होते, व त्यांच्या नांवाचें कृषिविद्यापीठ १९६९ मध्यें अकोल्यास स्थापन झालें. याच काळांत अमेरिकेंतील ओहायोची गादी-पद्धत आपल्याकडे आली. भुईवर चार-सहा इंच भुसा पसरावा, तो वरचेवर खालवर करावा, वर्षानें काढून खत करावें, अशी ती पद्धत. पुस्तकांत भाताचें तूस सांगितलेलें असे, आणि वऱ्हाडांत भात कोठला! येथील लोकांनीं भुईमुगाचीं टरफलें व करवतीचा भुसा वापरून काम भागविलें. पुढें १९७० नंतर तारेच्या पिंजऱ्यांचे मोठे कारखाने निघाले व अंडें हा उद्योग झाला. त्या पिंजऱ्याचा नमुना परसदारीं आणणें ही चूक होय. तो शेंकडों पक्ष्यांस एकाच माणसानें दाणा घालावा यासाठीं रचलेला आहे, कोंबडीच्या सुखासाठीं नव्हे. मोठ्या उद्योगाची आंच परसालाहि लागते, हें २००६ मध्यें नवापुरास बर्डफ्ल्यू आला तेव्हां दिसलें. कारखान्यांबरोबर भोंवतालच्या खेड्यांतील अंगणांतल्या कोंबड्याहि मारल्या गेल्या.

एवढा इतिहास जमेस धरला तर शहरांतील कुटुंबास आठ कोंबड्यांचें रात्रींचें घर चार फूट लांब, तीन फूट रुंद व तीन फूट उंच पुरतें. जुन्या लोखंडी खाटेची चौकट भंगारवाल्याकडे मिळते. तिच्यावर जमिनीपासून दोन फूट उंच तें बसवावें. पायांखालीं पाणी व थोडें घासलेट घातलेले डबे ठेवावे म्हणजे मुंग्या व गोचीड वर चढत नाहींत. लांबी पूर्व-पश्चिम असावी. बसावयास दोन गोल दांड्या, प्रत्येक पक्ष्यामागें आठ इंच. गिरिराज, वनराज अशा अलीकडच्या वजनदार जाती उंच उडूं शकत नाहींत, त्यांच्याकरितां दांडी तळापासून फूटभरच वर ठेवावी. अंड्यांसाठीं फूटभर चौरस खोकीं दोन. भिंतीस तुराटीच वापरावी, पऱ्हाटी नको. २०१७ मध्यें गुलाबी बोंडअळीनें विदर्भांत कापसाचा जो नाश केला त्यानंतर पऱ्हाटी घरीं साठवूं नये असें शेतकी खातें सांगतें, कारण वाळल्या बोंडांत अळी दडून राहते.

रोख पैसा खर्चावा तो दोनच ठिकाणीं. पहिलें, अर्ध्या इंचाची जाड वेल्डेड जाळी. षट्कोनी घरांची पातळ जाळी कोंबडीस आडविते, मुंगुसाच्या पंजास व सापास आडवीत नाहीं. दुसरें, दाराचे बिजागर व घट्ट बसणारा कोयंडा. डालगेंहि टाकून देऊं नये. पिलांसह कोंबडी दिवसां अंगणांत सोडली असतां घारीपासून तेंच राखतें. पावसाळ्यापूर्वीं व दिवाळीच्या सुमारास आंतून चुन्याची सफेती द्यावी. आणि आषाढांत झड लागली कीं नैऋत्येच्या बाजूस पोत्याचा पडदा सोडावा; मात्र पाऊस उघडतांच तो गुंडाळलाच पाहिजे, नाहीं तर आंतील भुसा ओला राहून दोन दिवसांत डोळे चुरचुरतील असा उग्र वास सुटतो, आणि त्याची पहिली तक्रार शेजाऱ्यांकडून येते.