एकाच औषधाची दोन बिलं: मुरुमांच्या क्रीमचा थोडा इतिहास

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. आणि आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. पुण्यात सीए झाले, गेली चौदा वर्षं न्यू जर्सीत आहे, आकडे आणि कागद वाचणं एवढंच मला येतं. हे लिखाण त्याच सवयीतून झालंय.

झालं असं की या वसंत ऋतूत आमच्या घरात एकाच आठवड्यात दोन प्रिस्क्रिप्शन्स आली. एक माझ्या पंधरा वर्षांच्या लेकीचं, एक माझं. (हो, चव्वेचाळिसाव्या वर्षी हनुवटीवर मुरुम येतात. हॉर्मोन्सची कृपा.) दोन्हीत औषध एकच, ट्रेटिनॉइन क्रीम. टक्केवारीही तीच. इन्शुरन्स एकच, फार्मसी एकच. लेकीचं क्रीम दहा मिनिटांत हातात आलं. माझ्या वेळी काउंटरवरची मुलगी म्हणाली, "प्रायर ऑथरायझेशन लागेल." दोन दिवसांनी पत्र आलं, त्यात कारण दिलं होतं वय.

आता वय आणि मुरुम यांचा इन्शुरन्सशी काय संबंध? मला चैन पडेना. ऑडिटमध्ये एखादी विचित्र नोंद दिसली की आपण मागची व्हाउचर्स काढतो, तसं मी या क्रीमचं मागचं सगळं काढून वाचलं. आणि ते वाचताना आपल्या ड्रायव्हिंगच्या अंतरावरचा एक तुरुंग समोर आला.

ट्रेटिनॉइन म्हणजे व्हिटॅमिन ए पासून बनणारं आम्ल. ते त्वचेवर लावून बघण्याचे प्रयोग साठच्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत झाले होते. पण त्याने त्वचा लाल होते, सोलवटते. मुरुमांसाठी ते उपयोगात आणलं अल्बर्ट क्लिगमन या फिलाडेल्फियातल्या त्वचारोगतज्ज्ञाने, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात. १९६९ मध्ये त्याचा आणि सहकाऱ्यांचा निबंध आला आणि १९७१ मध्ये एफडीएने 'रेटिन-ए' या नावाने ते मंजूर केलं. मुरुम का होतात? रोमछिद्राच्या तोंडाशी मृत पेशी आणि तेल साचून बूच बसतं म्हणून. हे औषध ते बूच बसूच देत नाही. वरवर सुकवणाऱ्या जुन्या मलमांपेक्षा हे वेगळं काम होतं, आणि म्हणूनच पन्नासहून जास्त वर्षांनंतरही डॉक्टर तेच लिहून देतात.

पण क्लिगमनला एवढी त्वचा तपासायला मिळाली कुठून? ईशान्य फिलाडेल्फियात आय-९५ च्या जवळ होम्सबर्ग नावाचा तुरुंग आहे. १९९५ पासून तो बंद आहे. १९५१ मध्ये कैद्यांच्या पायांना बुरशी झाली म्हणून क्लिगमनला तिथे बोलावलं. तो मूळचा बुरशीचाच अभ्यासक. एकदा आत गेला तो १९७४ पर्यंत तिथे प्रयोग करत राहिला. शाम्पू, डिओडरंट, औषधं, लष्करासाठी रसायनं, एका केमिकल कंपनीसाठी डायॉक्सिनसुद्धा कैद्यांच्या अंगावर तपासलं गेलं. ट्रेटिनॉइनवरच्या कामाचा काही भागही तिथलाच. कैदी बहुतांश कृष्णवर्णीय. त्यातले कितीतरी जण शिक्षा झालेले नव्हतेच, जामिनाचे पैसे नाहीत म्हणून खटल्याची वाट बघत आत होते. प्रयोगाला बसलं की तुरुंगातल्या इतर कामापेक्षा जास्त पैसे मिळत, म्हणून ते बसत. अंगावर काय लावलंय हे अनेकांना नीट सांगितलेलंच नव्हतं. याला संमती म्हणायची का, हे ज्याने त्याने ठरवावं. मला नाही म्हणता येत.

आता इन्शुरन्सकडे वळू. १९८८ च्या जानेवारीत अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये एक अभ्यास आला: उन्हाने सुरकुतलेल्या त्वचेवर ट्रेटिनॉइन लावलं तर सुरकुत्या कमी होतात. बस्स! मुरुमांचं औषध चाळिशी-पन्नाशीच्या बायकांनी दुकानातून उचलायला सुरुवात केली. पण मंजुरी होती फक्त मुरुमांसाठी. कंपनीने सुरकुत्यांसाठी त्याची जाहिरात केली का, याची सरकारी चौकशी लागली. त्या चौकशीत आपल्याच न्यू जर्सीतल्या ऑर्थो फार्मास्युटिकलने, म्हणजे जॉन्सन अँड जॉन्सनच्या उपकंपनीने, कागदपत्रं श्रेडरमध्ये घातली. १९९५ मध्ये कंपनीने कोर्टात गुन्हा कबूल केला आणि एकूण ७५ लाख डॉलर भरले. त्याच वर्षाच्या अखेरीस तेच औषध 'रेनोव्हा' नावाने सुरकुत्यांसाठी रीतसर मंजूरही झालं.

म्हणजे एकाच रेणूची दोन खाती उघडली, एक आजाराचं आणि एक सौंदर्याचं. इन्शुरन्स आजाराचे पैसे देतो, सौंदर्याचे देत नाही. ट्यूब बघून तर फरक कळत नाही. मग कंपन्यांनी सोपी चाळणी लावली: ठरावीक वयापुढच्या माणसाने ट्रेटिनॉइन मागितलं की आधी विचारा, कशासाठी? माझं पत्र १९८८ च्या त्या अभ्यासाचं नातवंड होतं म्हणायचं!

उपाय मात्र साधा निघाला. डॉक्टरांच्या ऑफिसला फोन करून सांगितलं की फॉर्मवर निदानाचा कोड घाला. मुरुमांचा कोड एल ७०.०. तो आणि "आधी काय काय वापरून झालं" याची यादी गेली, आणि आठवड्याभरात मंजुरी आली. नाहीच आली तर नकाराच्या तारखेपासून १८० दिवसांत अपील करता येतं. पहिल्या नकारावर गप्प बसू नका.

पैशांच्या आणखी तीन गोष्टी, कारण त्या मला नीट कळतात.

एक. अडॅपलीन नावाचं याच कुळातलं, जरा सौम्य औषध १९९६ मध्ये प्रिस्क्रिप्शनवर आलं. २०१६ च्या जुलैत त्याचं ०.१ टक्क्याचं जेल एफडीएने बारा वर्षांपुढच्या कुणालाही थेट दुकानात विकायला परवानगी दिली. ग्राहकाची सोय झाली, पण दुकानात मिळतंय म्हटल्यावर बऱ्याच प्लॅन्सनी पैसे देणं बंद केलं. मात्र एफएसए किंवा एचएसए मधून ते घेता येतं. २०११ ते २०१९ या काळात त्यालाही डॉक्टरची चिठ्ठी लागायची, २०२० पासून नाही लागत. पावती जपून ठेवा. सुरकुत्यांचं क्रीम मात्र त्यात बसत नाही, आयआरएस सौंदर्याचा खर्च वैद्यकीय धरत नाही.

दोन. दोन औषधं एकत्र केलेली जेल्स असतात, उदाहरणार्थ अडॅपलीन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड. एकत्रची ट्यूब महाग असेल तर डॉक्टरांना विचारा, हीच दोन वेगवेगळी जेनेरिक घेऊन चालतील का.

तीन. फार्मसीत विचारा, "इन्शुरन्स न लावता रोखीने किती?" कधीकधी को-पेपेक्षा रोख किंमत कमी निघते. पूर्वी काही करारांमुळे फार्मासिस्टला हे स्वतःहून सांगायला बंदी असायची. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये कायद्याने ती बंदी उठवली.

इंग्लंडमधल्या मंडळींसाठी: तिथे सोळा वर्षांखालच्या आणि अठरापर्यंतच्या पूर्णवेळ शिकणाऱ्या मुलांना प्रिस्क्रिप्शन फुकट आहे. तेव्हा महागडी सीरम्स घेण्याआधी जीपी गाठा. गल्फमधल्यांनी आपले नियम कॉमेंटमध्ये लिहा.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर ही पोस्ट लिहायला घेतली ती. लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

गेल्या वर्षी डिसेंबरात आम्ही पुण्याला गेलो होतो. लेकीचा चेहरा बघून घरातल्या सगळ्यांनी जीव अगदी नको केला. "काय गं हे तोंडावर?", "पिझ्झा कमी खा", "मसुराच्या डाळीचं पीठ लाव". पोरगी लग्नाच्या फोटोंत मागे लपत होती. मग कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून, चिठ्ठीबिठ्ठी काही नसताना, कुणीतरी एक क्रीम आणून दिलं. "सगळ्याच लावतात, दोन आठवड्यांत तोंड स्वच्छ." मी खोक्यावरची नावं वाचली नाहीत. मी! जी बॅलन्स शीटखालच्या टिपा भिंग घेऊन वाचते. उलट परत येताना चार ट्यूब बॅगेत टाकल्या.

आणि खरंच, दोन आठवड्यांत चेहरा उजळला. तीन महिन्यांत लालसर झाला, त्वचा पातळ झाली, आणि क्रीम एक दिवस थांबवलं की आग आग व्हायची. मुरुम पूर्वीपेक्षा जास्त. इथल्या त्वचेच्या डॉक्टर म्हणाल्या, "ट्यूब घेऊन या." वाचून त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं: मोमेटासोन. स्टेरॉईड.

त्या ट्यूबवर तीन नावं होती: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. ही जोडणी कुठून आली हे शोधलं तर पुन्हा तोच माणूस! १९७५ मध्ये क्लिगमनने एका सहकाऱ्याबरोबर वांगासारख्या काळ्या डागांसाठी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉईड एकत्र करून एक सूत्र प्रसिद्ध केलं. ट्रेटिनॉइनची जळजळ दबावी म्हणून त्यात स्टेरॉईड. डॉक्टरच्या देखरेखीखाली, थोडे आठवडे लावायचं औषध ते. आपल्याकडे तेच, स्टेरॉईड बदलून, गोरं करणारं क्रीम म्हणून मेडिकलमधून सर्रास विकलं गेलं. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या बिघडलेल्या चेहऱ्यांना वेगळं नावच दिलं, 'टॉपिकल स्टेरॉईड डॅमेज्ड फेस', आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २०१८ मध्ये सरकारने मोमेटासोनसकट १४ स्टेरॉईड मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा यादीत घातली. कायदा झाला, तरी आमच्या बॅगेत ट्यूब आलीच.

लेकीला बरं व्हायला पाच महिने लागले. स्टेरॉईड डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे सोडवलं, त्वचा शांत होऊ दिली, आणि मग नुसतं ट्रेटिनॉइन सुरू केलं. ते प्रिस्क्रिप्शन म्हणजे सुरुवातीला सांगितलेलं.

दोघी मिळून लावताना जे शिकलो ते असं:

- पूर्ण चेहऱ्याला मटारच्या दाण्याएवढंच, रात्री, कोरड्या त्वचेवर. सुरुवातीला एक दिवसाआड. जास्त लावून लवकर बरं होत नाही, फक्त जास्त सोलवटतं.
- पहिल्या काही आठवड्यांत कोरडेपणा, लाली, कधी आधी वाढलेले मुरुम. निकाल बारा आठवड्यांनी मोजायचा. पोरं तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात, तिथे धीर आपण द्यायचा.
- आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर जळजळीचेही काळे डाग राहतात. म्हणून साधं मॉइश्चरायझर आणि रोज सनस्क्रीन. हिवाळ्यातसुद्धा.
- चेहऱ्यावर वॅक्सिंग नको, कातडी निघते. थ्रेडिंगआधीही डॉक्टरांना विचारा. लिंबू आणि घासून लावायची पिठंही बंद.
- बेन्झॉइल पेरॉक्साइडने टॉवेल, उशीचे अभ्रे पांढरे पडतात. पांढरेच वापरा.
- गरोदर असाल किंवा विचार असेल तर ही क्रीम्स लावू नका, आधी डॉक्टरांशी बोला.
- भारतातून ट्यूब आणलीच असेल तर मागचं बारीक अक्षर वाचा. नावाच्या शेवटी 'सोन' किंवा 'सोल' दिसलं (मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल) तर चेहऱ्याला लावण्याआधी डॉक्टरांना दाखवा. आधीच महिनोन् महिने लावत असाल तरीही दाखवा, एकदम थांबवलं तर त्रास होतो.

होम्सबर्गचं पुढे काय झालं? २००० मध्ये जवळजवळ ३०० माजी कैद्यांनी दावा लावला. तो मुदतबाह्य म्हणून फेटाळला गेला. क्लिगमन २०१० मध्ये ९३ व्या वर्षी गेला. आपल्या कामाबद्दल त्याने शेवटपर्यंत खंत व्यक्त केली नाही. विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलने २०२१ मध्ये आणि फिलाडेल्फिया शहराने २०२२ मध्ये जाहीर माफी मागितली. भरपाई नाही.

हे सगळं मी लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "आई, मग हे क्रीम वापरायचं की नाही?" मी म्हटलं, वापरायचं, तुला त्याची गरज आहे. पण त्या माणसांना न सांगता लावलं गेलं होतं, आणि मीही तुला न वाचता लावायला दिलं. यापुढे ट्यूबवरचं आपण दोघी वाचू. ती "ओके" म्हणाली आणि खोली बंद करून गेली. पंधरा वर्षांच्या मुलीकडून एवढं खूप झालं.

तुमच्या बाथरूमच्या कपाटात भारतातून आलेली अशी एखादी ट्यूब असेल तर आज रात्री काढून वाचा. काय सापडलं ते खाली लिहा.