आपल्या शिबिराची वही

सोसायटीच्या रक्तदान शिबिराचा इतिहास स्मरणिकेसाठी लिहून द्या, असे सेक्रेटरींनी सांगितले, तेव्हा मी कपाटातली जुनी वही काढली. आयुष्य बँकेत गेले, त्यामुळे नोंदी ठेवायची खोड आहे. पण खरं सांगायचं तर माझ्यापुरता हा इतिहास वहीच्या आधीच सुरू होतो.

१९८६ साली मुंबईत वडिलांचे ऑपरेशन होते. दोन बाटल्या रक्त आणा म्हणाले. एक मी दिली. दुसरी भाऊ देणार होता, पण त्याची गाडी चुकली. गेटबाहेरच्या चहावाल्याने एक माणूस गाठून दिला. हडकुळा, हात थरथरणारा. मी पैसे मोजले आणि फॉर्मवर 'नाते' या रकान्यात 'चुलतभाऊ' असे लिहिले. दुसऱ्यांच्या सह्या तपासणाऱ्याने स्वतःच खोटी नोंद केली! वडील बरे झाले. त्या माणसाने त्या महिन्यात आणखी कितीदा रक्त विकले असेल कोण जाणे. मी विचारलेही नाही.

तेव्हा हे सर्रास चाले. दुसरा रस्ता नव्हता असे मात्र नाही. याच मुंबईत लीला मुळगावकर यांनी १९५४ पासून ऐच्छिक रक्तदानाची शिबिरे भरवली होती. १९६३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९७५ पासून १ ऑक्टोबर हा राष्ट्रीय ऐच्छिक रक्तदान दिन पाळला जातो. तरी विकतचे रक्त थांबायला सर्वोच्च न्यायालय लागले. १९९६ च्या जानेवारीत निकाल आला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. मग रक्त देणारी माणसे आणायची कुठून? आपल्यासारख्यांच्या घरातूनच.

आपले पहिले शिबिर सोसायटीच्या दुसऱ्या वर्षी, १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर पार्किंगमध्ये झाले. वहीत अकरा नावे आहेत. त्यातले तिघे हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली म्हणून परत गेले. नुसती नोटीस लावून कोणी येत नाही, हे तेव्हा कळले. पुढच्या वर्षी बी विंगमधल्या वहिनी आणि मी दारोदार फिरलो. "काका, मला सुई बघूनच चक्कर येते हो." एका आजींनी तर, "त्याचं लग्न व्हायचंय अजून," म्हणून नातवाला दारातूनच आत नेले. अंगात पाच लिटरच्या आसपास रक्त असते, घेतात फक्त ३५० मिली, हे सांगून फारसा उपयोग होत नाही. "शेजारचे जोशी खाली गेलेत" म्हटलं की लोक चप्पल घालतात.

खरा वाद झाला तारखेवरून. रक्तपेढीचे डॉक्टर दरवर्षी सांगत, ऑगस्टमध्ये सगळ्यांचीच शिबिरे असतात, तुम्ही मे महिन्यात घ्या. मेमध्ये कॉलेजे बंद, माणसे गावाला, आणि रक्त काही साठवून ठेवता येत नाही. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट तर पाचच दिवस. कमिटीत याला सर्वात जास्त विरोध मीच केला. उन्हात येणार कोण, झेंडावंदनाला आयती गर्दी असते, वगैरे. मग एका वार्षिक सभेत आपल्यातलेच एक गृहस्थ उभे राहिले. त्यांच्या मुलीला थॅलसेमिया आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त लागते. "मेमध्ये आम्ही तीन-तीन रक्तपेढ्या फिरतो," एवढेच बोलून ते बसले. त्या वर्षापासून शिबिर मेच्या दुसऱ्या रविवारी होते.

भेटवस्तूंना मात्र माझा अजून विरोध आहे. मध्यंतरी कोणी ट्रॅव्हल बॅग स्पॉन्सर करायला तयार होते. मी नको म्हटले, काही जण नाराज झाले. चहा, बिस्किटे आणि केळे पुरे. त्या 'चुलतभावा'नंतर रक्तापुढे काही ठेवायचे म्हटले की माझा हात अडखळतो.

पासष्टीनंतर मला देता येत नाही. म्हणून आता फक्त बेल वाजवतो. यंदा ए आणि बी विंग झाल्या, सी विंगचे वरचे चार मजले राहिलेत. लिफ्ट चालू असली तर या रविवारी येतो.