घरमालक, भाडेकरू आणि सोळा अँपिअरचा प्लग

मंडळी, गेले दोन वीकेंड ब्लॉग शांत होता. रिलीज होता, दुसरं काय! या शनिवारी मात्र लिहायला बसलोय, आणि त्याचं कारण म्हणजे आमच्या बीडच्या घराच्या गॅलरीतून लोंबणारी एक वायर.

झालं असं की आमच्या वरच्या मजल्यावर एक बँकेत काम करणारा मुलगा भाड्याने राहतो. चांगला पोरगा आहे. त्याने दिवाळीत इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. बॅटरी गाडीतच बसवलेली, म्हणजे काढून वर नेता येत नाही. मग त्याने गॅलरीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडला. बाबांचा फोन: "अरे, वायर लोंबायलीय खाली. पाऊस आला तर काय करायचं? आन् हे बघ, सरकार घरमालकाला काही देतं का चार्जर बसवायला? तू इंजिनिअर ना?"

आता मी कॉम्प्युटर इंजिनिअर. फ्यूज उडाला तर मीच वायरमनला फोन करतो. पण म्हटलं, बघू तरी. आणि बघता बघता शनिवार-रविवार गेला, कारण प्रश्न चार्जरचा नाहीच, तो फार जुना आहे: ज्या घरात दुसरा कुणीतरी राहतो, त्या घरावर पैसे कुणी घालायचे? मालकाने घातले तर फायदा भाडेकरूला. भाडेकरूने घातले तर उद्या घर सोडताना भिंतीतली वायर थोडीच उपसून नेणार! (मी स्वतः पुण्यात भाडेकरू आहे, त्यामुळे या खेळात मी दोन्ही टीममध्ये आहे. माझ्या फ्लॅटमालकांनी चार्जिंग पॉइंटला "पुढच्या वर्षी बघू" असं दोन वर्षं सांगितलंय. असो.)

या प्रश्नाला आपल्याकडे सगळ्यात मोठं उत्तर मुंबईने दिलं, तेही नाइलाजाने. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली. गोठवली म्हणजे अक्षरशः: १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं तेच 'प्रमाण भाडं'. युद्धानंतर, फाळणीनंतर माणसं येत होती, घरं नव्हती, त्यामुळे हेतू चांगलाच होता. पण महागाई काही गोठली नाही. वीस वर्षांनी चाळीचा मालक विचार करू लागला की पंधरा-वीस रुपये भाड्यासाठी मी जिना का दुरुस्त करू? भाडेकरू म्हणे, इमारत तुमची, मी का करू? दोघांचंही बरोबर. आणि इमारती पडू लागल्या.

मग सरकार मध्ये पडलं. १९६९ चा इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा आला, १९७१ मध्ये मंडळ झालं, पुढे १९७७ मध्ये ते म्हाडात गेलं. कल्पना अशी की मुंबई बेटावरच्या, म्हणजे सायन-माहीमपर्यंतच्या जुन्या खासगी इमारतींवर उपकर बसवायचा आणि त्या पैशातून (सरकार आणि पालिकेची भर घालून) त्यांची दुरुस्ती मंडळाने करायची. अशा इमारती निघाल्या १९,६४२. त्यातल्या सर्वात जुन्या 'अ' वर्गाची सीमारेषा कोणती माहितीये? १ सप्टेंबर १९४०. भाडं ज्या दिवशी गोठलं, नेमका तोच दिवस! कोडमध्ये एखादा बग असतो, तो दुरुस्त करायची हिंमत नसते म्हणून त्याच्यावर पॅच मारतात, आणि पॅचमध्ये त्याच बगचा आकडा हार्डकोड केलेला असतो, तसं वाटलं मला हे. :) पण हसण्याचं कारण नाही. खासगी मालकाच्या घरात राहणाऱ्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च करायचा, हे तत्त्व महाराष्ट्राने तेव्हाच मान्य केलं होतं. कुणी आज म्हणत असेल की घरमालकाला चार्जरसाठी पैसे देणं म्हणजे काहीतरी परदेशी थेर, तर त्यांनी गिरगावात एक चक्कर मारावी.

आता बीड. इथे मुंबईचा १९४७ चा कायदा लागूच नव्हता. आपण हैदराबाद संस्थानातले. १९४८ ला निजामाची राजवट संपली, १९५४ मध्ये हैदराबाद राज्याने आपला भाडे नियंत्रण कायदा केला, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि कायदा सोबत घेऊन आला. गंमत बघा: खुद्द हैदराबादमध्ये तो १९६० साली रद्द होऊन आंध्रचा नवा कायदा आला, पण आपल्याकडे तो चालू राहिला थेट ३१ मार्च २००० पर्यंत! म्हणजे लेगसी सिस्टीम म्हणतात ती हीच. त्या दिवसापासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला आणि मुंबईचा, विदर्भाचा आणि आपला हैदराबादी असे तिन्ही जुने कायदे एकदम गेले.

हा १९९९ चा कायदा मी चहाच्या तीन कपांत वाचला आणि मला तो आवडला. कलम २९ म्हणतं की मालकाला पाणी, वीज, जिन्यातला दिवा अशा अत्यावश्यक सोयी पुरेशा कारणाशिवाय तोडता येणार नाहीत. कलम १६ आणखी मजेदार. मालकाच्या लेखी संमतीशिवाय भाडेकरूने कायमस्वरूपी बांधकाम केलं तर त्याला बाहेर काढता येतं, पण काही गोष्टी बांधकाम धरायच्या नाहीत: लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, फॉल्स सीलिंग, एअर कंडिशनर, धुराडं. १९९९ साली माणसाला काय काय लागतं त्याची ती यादीच आहे. चार्जर त्यात नाही, कसा असणार? पण एसी असू शकतो तर तीन किलोवॉटचा प्लग का नाही, हा माझा साधा प्रश्न आहे.

आणि कलम ११. मालकाने घरात जादा सोय केली तर त्या खर्चाच्या वर्षाला १५ टक्क्यांपर्यंत भाडं वाढवता येतं. म्हणजे पैसे मालकाने घालायचे आणि थोडे थोडे करून वसूल करायचे, याची सोय कायद्यात आधीपासून आहे. याच्याकडे मी परत येतो.

जाता जाता परळीबद्दल, कारण बीडच्या विजेवर लिहायचं आणि परळी नाही असं कसं होईल. १९७१ मध्ये परळीला ३० मेगावॉटचा पहिला संच लागला, ऐंशीच्या दशकात २१० चे तीन, आणि २००७, २०१० व २०१६ मध्ये २५० चे तीन. वीज आमच्या जिल्ह्यात तयार व्हायची आणि मी चौथी-पाचवीचा अभ्यास कंदिलाच्या काचेवरची काजळी पुसून करायचो. २०१३ च्या फेब्रुवारीत तर पाणी नाही म्हणून अख्खं केंद्रच बंद पडलं. तेव्हा बाबा म्हणाले होते, "चिमणीला पण तहान लागती." म्हणून आज त्यांच्या अंगणात कुणी विजेवर गाडी चालवतो याचं त्यांना जे कौतुक आहे, ते तुम्हा पुणेकरांना कळणार नाही.

बरं, मुद्द्यावर. सरकार देतं का? देत होतं. जुलै २०२१ च्या महाराष्ट्राच्या ईव्ही धोरणात स्लो चार्जरला खर्चाच्या ६० टक्के, जास्तीत जास्त १०,००० रुपये, पहिल्या १५,००० चार्जरना, अशी तरतूद होती. शिवाय ज्या घरमालकाने आवारात खासगी चार्जिंग बसवलं त्याला मालमत्ता करात सूट द्या, असं नगरपालिकांना सुचवलं होतं. सुचवलं होतं, बरं का! चार्जिंग स्टेशनांची उद्दिष्टं मात्र नावानिशी होती: मुंबई १,५००, पुणे ५००, नागपूर १५०, नाशिक १००, औरंगाबाद ७५, अमरावती ३०, सोलापूर २०. बीड? शोधू नका. ज्या चार महामार्गांना चार्जिंगसाठी निवडलं त्यातलाही एक आपल्या जिल्ह्यातून जात नाही. आणि धोरणाची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपली. २०२५ च्या नव्या धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय ठरली आहे, म्हणजे सोलापूर-धुळे रस्त्यामुळे आपण नकाशावर आलो म्हणायचे. पण तो रस्ता झाला. जिन्याखालचं काय?

इंग्लंडने हा प्रश्न सरळ हाताळला. तिथे भाड्याने राहणाऱ्या माझ्या मित्राने सांगितलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं. २०२२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी स्वतःच्या स्वतंत्र घरात राहणाऱ्यांचं चार्जर अनुदान बंद केलं आणि भाडेकरू, फ्लॅटवाले व घरमालक यांच्यासाठी ठेवलं. घरमालकाला दर सॉकेटमागे खर्चाच्या ७५ टक्के, तेव्हा ३५० पौंडांपर्यंत, आणि वर्षाला २०० सॉकेटपर्यंत. ज्याचं घर स्वतःचं आहे तो आपल्या फायद्यासाठी बसवेलच, अडतं ते दोघांच्या मध्ये, म्हणून पैसे तिथे. आपल्याकडे २०२४ पासूनचं घरावरच्या सोलरचं अनुदान (तीन किलोवॉटला ७८,००० रुपये) बघा. पैसे छताच्या मालकाला. त्यात भाडेकरूच्या बिलाचं काय होतं, हे कुणी विचारत नाही.

पण पैशाशिवाय जे झालं तेही कमी नाही. एप्रिल २०१८ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केलं की बॅटरी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीजविक्री नाही, परवाना नको. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वीज ही मूलभूत गरज आहे आणि मालकाचं ना-हरकत पत्र नाही म्हणून भाडेकरूला जोडणी नाकारता येत नाही, तो तिथे राहतो एवढं बघायचं. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या नियमांत आलं की ग्राहकाने मागितलं तर ईव्हीसाठी वेगळी जोडणी द्यायची. राहतं घर आणि पार्किंग यांत हा निकाल कुठवर चालेल यावर वकील भांडतील. मला तरी वाटतं, भाडेकरूच्या बाजूचे दरवाजे बरेच उघडलेत. मालकाच्या बाजूला अजून फक्त चांगुलपणा आहे.

तर आमचा हिशेब. स्कूटरची बॅटरी साधारण तीन युनिटची, गळती धरून साडेतीन. दर तीन दिवसांनी फुल चार्ज, म्हणजे महिन्याला ३५ युनिट. हे बाबांच्या मीटरवर गेले तर त्यांचं बिल ३०० च्या वर जाऊन महागड्या स्लॅबमध्ये शिरतं, आणि मग दर महिन्याला जिन्यात वाद. म्हणून प्लग खाली, पण वायर भाडेकरूच्या स्वतःच्या मीटरवरून. वायरमनने स्वतंत्र एमसीबी, अर्थिंग, पावसापासून झाकणारा बॉक्स आणि सोळा अँपिअरचं सॉकेट, सगळं धरून साडेचार हजार सांगितले. कलम ११ प्रमाणे १५ टक्के म्हणजे वर्षाला ६७५ रुपये, महिन्याला ५६ रुपये २५ पैसे.

बाबांना फोनवर हे सगळं ऐकवलं, मुंबईचा उपकर, हैदराबादचा कायदा, सर्वोच्च न्यायालय. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे सरकार देत नाही."

"नाही."

"आन् मी छप्पन्न रुपये मागायचे त्याला? लाज वाटती. निम्मे तो दील, निम्मे मी. प्लग तर इथंच राहणारे."

बोर्ड गेल्या मंगळवारी बसला. मला फोटो आला: जिन्याखाली, मीटरच्या शेजारी, बॉक्सला छोटं कुलूप. काल परत फोन होता. समोरच्या घरातल्या भाडेकरूने वायरमनचा नंबर मागितलाय. त्याचे घरमालक पुण्यात असतात, फोन उचलत नाहीत, म्हणून बाबांनी तो नंबर मला दिलाय. उद्या लावून बघतो.