गोठ्यातील कोबा : स्वच्छता, भेगा बुजविणे आणि सुरक्षित निगा

इंदापूर तालुक्यातील अंथुर्णे, लासुर्णे, बेलवाडी या नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात उसाबरोबर संकरित गाईंचे गोठे सर्वत्र दिसतात. बहुतेक ठिकाणी मातीची जमीन जाऊन सिमेंट काँक्रीटचा कोबा आला. शेण उचलणे सोपे झाले, चिखल गेला. परंतु कोब्याची निगा घरातील फरशीसारखी केली, तर तोच कोबा जनावराला घातक ठरतो. चार-पाचशे किलो वजनाची गाय ओल्या, गुळगुळीत जागेवर घसरली, मागचे पाय फाकले, की अनेकदा पुन्हा उभी राहत नाही. नुकत्याच व्यालेल्या गाईत हा धोका अधिक असतो. म्हणून गोठ्याची जमीन स्वच्छ असावी, पण गुळगुळीत नसावी.

कोबा का खराब होतो?

- आम्ल : मुरघासाचा रस आणि सांडलेले दूध आंबट असते. ते सिमेंट हळूहळू खाते. त्यामुळे गव्हाणीजवळचा भाग प्रथम खडबडीत होऊन खडी उघडी पडते.
- काळी जमीन : काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर थेट टाकलेल्या कोब्याला भेगा जातात.
- क्षार : कालव्याखालील पाणथळ भागात खालून ओल वर चढते व कोब्यावर पांढरी भुकटी साचते. अशा कोब्यावर वरून दिलेला रंग किंवा लेप पापुद्रे धरून निघतो.
- झीज : रोजचे खरडणे, धुणे आणि खुरांचा वावर यांमुळे जुना कोबा व शहाबादी फरशी गुळगुळीत होते.

रोजची स्वच्छता

1. आधी शेण कोरडेच फावड्याने किंवा खरड्याने ओढून काढावे. शेणावर पाणी मारल्यास ते पातळ होऊन खाचांत व भेगांत बसते आणि पाणीही जास्त लागते.
2. नंतर थोड्या पाण्याने खराट्याने घासून नालीकडे काढावे.
3. धुणे दूध काढण्याच्या बरेच आधी उरकावे. ओल्या जमिनीवर बसलेल्या गाईच्या सडांना जंतूंचा संसर्ग होऊन कासदाह होऊ शकतो.
4. दूध काढण्याच्या जागी दुधाचा तवंग राहिल्यास जागा निसरडी होते. तेथे आठवड्यातून दोनदा कोमट पाण्यात धुण्याचा सोडा टाकून घासावे व साध्या पाण्याने धुवावे.
5. हिरवट शेवाळ दिसताच घासून काढावे. शेवाळ जेथे येते तेथे पाणी साचते, हे लक्षात घेऊन उतार दुरुस्त करावा.

निर्जंतुकीकरण

जंतुनाशक शेणावर काम करत नाही. जागा आधी स्वच्छ धुतलेली असावी आणि जनावरे बाहेर बांधलेली असावीत.

- धुण्याचा सोडा : 10 लिटर गरम पाण्यात 400 ग्रॅम. लाळ्या खुरकूतच्या विषाणूवर उपयुक्त. हातमोजे घालावेत. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना हे द्रावण लावू नये, भांडी काळी पडून खराब होतात.
- ब्लिचिंग पावडर : 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम, द्रावण ताजे करावे. अर्ध्या तासाने भरपूर पाण्याने धुवावे. डबा उघडा राहिल्यास पावडरची ताकद जाते.
- चुना : पूर्ण विरवलेला व वाळलेला चुना नालीच्या कडेला व ओलसर कोपऱ्यांत पातळ भुरभुरावा. कळीचा चुना जनावरांच्या जागी टाकू नये. ओलाव्याने तो तापतो आणि कातडी, सड व खुरांमधील जागा भाजते.

हे कधीही करू नये

- पांढरे डाग काढण्यासाठी बाथरूममधील ॲसिड वापरू नये. डाग जातो, पण त्याबरोबर सिमेंटही जाते आणि भेगांतून आत गेलेले ॲसिड लोखंड गंजवते. डाग कोरडे खरवडून काढावेत.
- ब्लिचिंग पावडर व ॲसिड एकत्र आल्यास क्लोरीन वायू तयार होतो. मूत्र साचलेल्या नालीत ब्लिचिंग टाकल्यासही घातक वाफा निघतात. नाली आधी साध्या पाण्याने धुवावी.
- फिनेल, ब्लिचिंग, सोडा एकाच बादलीत मिसळू नयेत. एका वेळी एकच औषध वापरावे.
- डोळे चुरचुरले, ठसका लागला तर काम थांबवून त्वरित मोकळ्या हवेत यावे. डोळ्यांत उडाल्यास किमान 15 मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावेत व डॉक्टरांना दाखवावे.
- दूध काढणी यंत्र किंवा धुण्याचा पंप चालू असताना वायरचे जोड ओल्या जमिनीवर ठेवू नयेत. जोडणीला अर्थिंग व गळती होताच वीज तोडणारा स्विच असावा.

कोबा निसरडा झाला हे कसे ओळखावे?

गाई लहान, दबकी पावले टाकतात. वळताना मागचे पाय सरकतात. माजावर आलेली गाय दुसरीवर उडत नाही, त्यामुळे माज लक्षात येत नाही आणि एक वेत लांबते. अनेकदा दोष खाद्याला दिला जातो, पण कारण पायाखाली असते. सोपी चाचणी म्हणजे गमबूट घालून ओल्या कोब्यावर टाच फिरवून पाहावी. टाच सहज सरकली, तर खाचा पाडण्याची वेळ आली आहे.

काँक्रीट कापण्याच्या यंत्राने साधारण 10 मिमी रुंद व तेवढ्याच खोल खाचा, 8 ते 10 सेंमी अंतरावर पाडता येतात. जेथे शेण खरडले जाते तेथे खाचा खरडण्याच्या दिशेने ठेवाव्यात. खाचांच्या कडा धारदार राहू नयेत, त्या दगडाने घासून मोडाव्यात. खर्च परवडत नसेल तर निदान गाय वळते, उठते व दूध देते त्या जागी रबरी मॅट टाकावी. मॅट दर आठवड्याला उचलून खालची जागा धुवावी.

भेगा बुजविणे व लेप देणे

- केसासारख्या भेगा : घासून, ओल्या करून सिमेंटची स्लरी भरावी.
- रुंद, स्थिर भेगा : छिन्नीने रुंद करून धूळ काढावी. ओल्या करून 1:3 सिमेंट-वाळूचा माल लॅटेक्स द्रव मिसळून भरावा व सात दिवस पाणी मारावे.
- हलणाऱ्या भेगा : उन्हाळ्यात रुंदावून पावसाळ्यात मिटणाऱ्या भेगेत सिमेंट टिकत नाही. तेथे डांबरासारखे लवचिक साहित्य पातळीपेक्षा किंचित खाली भरावे.

गव्हाणीत तोंड लागते, तेथे गुळगुळीत टाइल किंवा खाद्यासाठी योग्य इपॉक्सी लेप चांगला. खुरे पडतात तेथे चकचकीत लेप नको. इपॉक्सी द्यायचाच असेल तर जागा पूर्ण कोरडी हवी आणि लेप ओला असतानाच त्यावर धुतलेली, कोरडी, जाड वाळू पसरावी. आत मुरणारा सिलेन प्रकारचा सीलर वर थर धरत नाही, त्यामुळे पकड कमी होत नाही.

नवीन कोबा करताना

काळी माती काढून मुरूम भरावा, पाणी मारून ठोकावा. त्यावर डबराचे सोलिंग करून जाड प्लास्टिक कागद अंथरावा. म्हणजे खालची क्षारयुक्त ओल वर येत नाही. कोबा किमान 10 सेंमी जाडीचा असावा. उतार दर दहा फुटांस दोन ते तीन इंच ठेवावा. त्याहून जास्त उतारावर जनावर सतत कलते उभे राहते. काँक्रीट ओले असतानाच खाचा पाडाव्यात. वर पाचट किंवा बारदान टाकून किमान 14 दिवस ओले ठेवावे आणि शक्यतो 28 दिवसांनंतरच, दोन-तीनदा धुऊन, जनावरे बांधावीत. ताज्या सिमेंटचा चुना खुरांना बाधतो.

धुतलेले पाणी

रोजचे शेण-मूत्राचे पाणी स्लरी टाकीत किंवा गोबर गॅसमध्ये जाऊ द्यावे. ब्लिचिंग किंवा फिनेलचे पाणी मात्र तेथे सोडू नये, वायू तयार करणारे जिवाणू मरतात. ते विहीर व कालव्यापासून दूर वेगळ्या शोषखड्ड्यात सोडावे. साफसफाईसाठी बंद स्लरी टाकीत कोणीही उतरू नये. आतील विषारी वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो आणि वाचवायला उतरणारेही दगावतात.

वर्षाचे नियोजन

दुरुस्तीसाठी वैशाख व ज्येष्ठाचा कोरडा काळ योग्य असतो. तुकोबारायांची पालखी अंथुर्ण्यात मुक्कामाला येते तोपर्यंत भेगा, उतार व नाली यांची कामे पूर्ण असावीत, कारण पुढे लेप वाळण्यास ऊन मिळत नाही. पहिल्या पावसानंतर कोब्यावर बादलीभर पाणी ओतावे. दहा मिनिटांनी जेथे पाणी उभे असेल तेथे खडूने खूण करावी. पुढच्या दुरुस्तीची जागा तीच.