माणिकडोहचे पिंजरे आणि उसातली पिलं



मांजरं फार झाली, त्यांचं करायचं काय, हा प्रश्न शहरातल्या सोसायट्यांमध्ये नेहमी निघतो. कोणी त्यांना दूध घालतं, कोणी पोत्यात भरून लांब सोडून येतं, कोणी ऑपरेशन करून आणतं. आपल्या जुन्नर-आंबेगावातही हाच प्रश्न आहे. फरक एवढाच, की आपलं मांजर पन्नास-साठ किलोचं आहे आणि ते उसात राहतं. मांजराला आपण वाघाची मावशी म्हणतो. आज या मावशीच्या भाच्याचा इतिहास सांगायचा आहे. तो नीट ठाऊक असला, तर सध्या चाललेल्या आरडाओरड्यात कोणाचं किती ऐकायचं ते आपलं आपल्याला ठरवता येईल.

आमचं पेठ हे सातगाव पठारावरचं गाव. पठार म्हणजे पावसावरचं रान, बटाट्याचं. घाट उतरून मंचरकडे गेलं, की घोड नदीच्या आणि कालव्यांच्या पाण्यावरचा ऊस सुरू होतो. आमच्या आज्या ‘बिबट्या’ हा शब्द फारसा वापरत नसत, त्या ‘वाघ’च म्हणत. पश्चिमेकडच्या डोंगरात महादेव कोळी आणि ठाकर लोकांमध्ये वाघोबा हा देव आहे. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस होते, वाघोबाला नैवेद्य दाखवतात, गुरं-वासरं राखायला सांगतात. म्हणजे हे जनावर आपल्याकडे काल-परवा आलेलं नाही. काल-परवा आलाय तो ऊस.

इंग्रजांच्या राज्यात या प्रश्नाला एकच उत्तर होतं, बंदूक. वाघ, बिबटे, लांडगे मारणाऱ्याला सरकार बक्षीस द्यायचं. इतिहासकार महेश रंगराजन यांनी त्या काळच्या नोंदी चाळून हिशेब मांडला आहे. 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात दीड लाखाहून जास्त बिबटे बक्षिसासाठी मारले गेले. एवढं करूनही बिबट्या संपला नाही. वाघाला जंगल लागतं, मोठी शिकार लागते. बिबट्याचं कुत्र्यावर, उंदरावर, कोंबडीवरही भागतं, आणि लपायला हातभर गवत पुरतं. पुढे 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि बिबट्या मारणं हा गुन्हा झाला.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याकडे कुकडी प्रकल्पाची धरणं उभी राहिली. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आपलं डिंभे. डिंभ्याच्या पाण्याखाली जुनं आंबेगाव गेलं, आदिवासींची गावं गेली. त्या माणसांच्या विस्थापनाची गोष्ट एका स्वतंत्र भाषणाची आहे. इथे एवढंच, की खाली पाणी पोचलं आणि जिथे बाजरी-मटकी व्हायची तिथे ऊस झाला. साखर कारखाने आले. ऊस बारा-चौदा महिने उभा असतो. आत सावली, पाण्याचा पाट, उंदीर-घुशी, आणि मेंढपाळाखेरीज कोणी फिरकत नाही. मादीला पिलं घालायला याहून बरी जागा जंगलातही मिळायची नाही. आता ज्या माद्या उसात वितात, त्यांतल्या कितीतरी उसातच जन्मलेल्या आहेत. ‘त्यांना त्यांच्या जंगलात सोडा’ असं आपण सहज म्हणतो. त्यांचं जंगल हेच आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. 2001 च्या सुमाराला जुन्नर वनविभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत, बिबटे मोठ्या प्रमाणात पकडायला सुरुवात झाली. शेतात, वस्तीजवळ दिसला की पिंजरा, आणि पकडला की डोंगरातल्या जंगलात नेऊन सोडायचा. यात कोणाचा हेतू वाईट नव्हता. जनावर मरत नाही, गावही सुटतं, असाच हिशेब होता. लोकांचीही तीच मागणी होती, आजही आहे.

झालं काय ते विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आकड्यांनिशी मांडलं. पकडापकडीच्या आधी, 1993 ते 2001 या काळात माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत. बिबटे उचलून सरासरी चाळीस किलोमीटरवर सोडायला लागल्यानंतर, 2001 ते 2003 या काळात, हे हल्ले वर्षाला सरासरी 17 वर गेले. त्यातले जीवघेणे ठरणाऱ्या हल्ल्यांचं प्रमाणही दुप्पट झालं. हल्ले वाढले म्हणून जास्त पिंजरे लागले, जास्त बिबटे उचलले गेले आणि हल्ले आणखी वाढले.

असं का व्हावं? पोत्यातून लांब सोडलेलं मांजर दोन दिवसांनी परत दारात येतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. बिबट्याचंही तसंच आहे. 2009 साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरजवळ एक वयस्कर नर विहिरीत पडला. त्याला काढून, गळ्यात रेडिओ कॉलर घालून माळशेज घाटात सोडलं. तो महिनाभर चालत, लोहमार्ग आणि महामार्ग ओलांडत, सव्वाशे किलोमीटर जाऊन मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापाशी पोचला. त्याला ‘आजोबा’ नाव पडलं, त्याच्यावर 2014 साली त्याच नावाचा सिनेमाही आला. वाटेत आजोबाने एकाही माणसाला इजा केली नाही. शेवटी तोच एका वाहनाखाली सापडून मेला.

सगळेच आजोबासारखे निघत नाहीत. पिंजऱ्यात धडका देऊन दात मोडलेलं, माणसांच्या गर्दीने बिथरलेलं जनावर अनोळखी मुलखात सोडलं तर त्याला पाणी कुठे, वाट कुठे हे ठाऊक नसतं. आणि इकडे त्याची रिकामी झालेली जागा तशीच राहत नाही. हद्द शोधत फिरणारं एखादं तरणं जनावर तिथे येतं. जुन्या बिबट्याला आपल्या वस्तीच्या सवयी माहीत होत्या, नव्याला नसतात. म्हणजे आपण एक मुरलेला शेजारी घालवून एक नवशिका आणतो. केंद्र सरकारने 2011 साली बिबट्यांविषयी सूचना काढल्या, त्यातही असं उचलून दुसरीकडे सोडू नये असंच सांगितलं. गावागावात मात्र ती गोष्ट अजून पोचलेली नाही.

सोडायचं नाही, मारायचं नाही, मग पकडलेल्यांचं करायचं काय? त्यातून जुन्नरजवळचं माणिकडोह बिबट निवारा केंद्र उभं राहिलं. जागा वनखात्याची. दीड दशकाहून अधिक काळ वाईल्डलाईफ एसओएस या संस्थेचे डॉक्टर तिथे काम करतात. गाडीने उडवलेले, फाशात पाय अडकलेले, विहिरीतून काढलेले, आणि माणसावर हल्ला केल्याचा ठपका असलेले बिबटे तिथे येतात. यातले काही बरे होऊन परत जातात. बाकीचे जन्मभर तिथेच. बिबट्या बंदिवासात आरामात पंधरा-सोळा वर्षं जगतो. रोजचं मांस, औषध, राखण, हा खर्च तेवढी वर्षं चालतो. पिंजरे भरले की नवा आणायला जागा नसते. मध्ये काही बिबटे गुजरातेत जामनगरला पाठवले, त्या जागा पुन्हा भरल्या. म्हणून ‘सगळे पकडून माणिकडोहला नेऊन टाका’ ही सभेतली घोषणा ऐकायला बरी वाटते, पण ती अंमलात येण्याजोगी नाही.

याच केंद्राच्या लोकांनी एक काम मात्र असं उभं केलं आहे, ज्याचं आम्हाला मोठं अप्रूप वाटतं, आणि त्यात बायांचा हात आहे.

दिवाळीनंतर गाळप हंगाम सुरू होतो. बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोड मजूर येतात, माळावर कोप्या पडतात. तोडणी कडेकडून आत सरकते आणि शेवटच्या पट्ट्यात, पाचटात, दोन-तीन पिलं मिळतात. डोळे नुकते उघडलेली, मांजराच्या पिलांएवढी. बहुतेक वेळा ती पहिल्यांदा दिसतात कोयता चालवणाऱ्या बाईला. पूर्वी अशी पिलं कोणी घरी नेई, कोणी वनखात्याकडे देई, आणि ती कायमची पिंजऱ्यात जात. इकडे त्यांची आई रात्रभर त्या रानात पिलं शोधत फिरायची. बिथरलेली मादी आणि शेजारी कोप्यांत झोपलेली लेकरं, पुढचं सांगायला नको.

आता पद्धत बदलली आहे. डॉक्टर येतात, पिलं तपासतात, नर-मादी बघतात, कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवतात. संध्याकाळी ती पिलं टोमॅटोच्या कॅरेटसारख्या प्लॅस्टिकच्या खोक्यात घालून जिथे सापडली त्याच जागी ठेवतात. झाडाला कॅमेरा बांधतात. सगळ्यांना तिथून लांब करतात. अंधार पडला की मादी येते, खोकं कलंडवते आणि एकेक पिलू मानेला धरून घेऊन जाते. आपलं घरातलं मांजर जागा बदलताना धरतं तसंच. कधी पहिल्या रात्री येत नाही, मग दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवायचं. आंबेगाव-जुन्नरच्या फडांत असं कितीदा घडलं आहे. कधीकधी ती पिलं बिबट्याची नसतातच. रानमांजराची किंवा वाघाटीची निघतात. वाघाटी म्हणजे जगातलं सर्वांत लहान रानटी मांजर, पूर्ण वाढलं तरी दीड किलोच्या आसपास. त्यांनाही त्यांच्या आईकडे तसंच पोचवतात.

यावर आमच्यातल्याच काही जणी विचारतात, पिलं परत देऊन बिबटे वाढवताच ना? प्रश्न रास्त आहे. पण पिलं उचलली की मादी लवकर पुन्हा माजावर येते आणि पुन्हा विते. पिलं जवळ असली तर दीड-दोन वर्षं ती त्यांच्यातच गुंतलेली असते. संख्या पिलांच्या खोक्यावर ठरत नाही, अन्नावर ठरते.

आणि अन्न कोण पुरवतं? शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेयांच्या गटाने बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचा आहार तपासला. वजनाच्या हिशेबाने 39 टक्के कुत्री, 15 टक्के मांजरं आणि शेळ्या फक्त 11 टक्के निघाल्या. मोकाट कुत्री-मांजरं वाढली की बिबट्याचं ताट वाढलं. लग्नाच्या मांडवामागे टाकलेलं उष्टं, मटणाच्या दुकानामागची घाण, पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या ओढ्यात फेकणं, यावर कुत्री जगतात आणि कुत्र्यांवर बिबटे. त्याच अकोल्यात शंभर चौरस किलोमीटरला पाचेक मोठे बिबटे होते, आणि त्या अभ्यासापर्यंत तिथे हल्ल्यात माणूस दगावल्याची नोंद नव्हती. म्हणजे बिबटे किती, एवढ्यावरच माणसाचा जीव अवलंबून नसतो.

हे सगळं सांगताना आम्ही 2025 विसरलेलो नाही. त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबुत भागात तीन आठवड्यांत एक लहान मुलगी, एक म्हातारी आजी आणि एक शाळकरी मुलगा गेला. लोकांनी वनखात्याची गाडी पेटवली, मंचरला महामार्ग तासन्‌तास अडवला. एक बिबट्या गोळी घालून मारण्यात आला. त्यानंतर तिथल्या बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागल्या. ते फोटो सगळ्या देशाने पाहिले. कुत्र्याच्या गळ्यात असा पट्टा घालायची धनगरांची जुनी रीत आहे. बाईच्या गळ्यात तो यावा, याचा राग आम्हालाही आहे. ज्यांचं लेकरू गेलं त्यांना अकोल्याचे आकडे सांगायला कोणी जाऊ नये.

पण बिबट्याच्या हल्ल्यात कोण सापडतं ते पाहा. खुरपायला वाकलेली बाई, पहाटे बाहेर बसायला गेलेली म्हातारी, घरामागे खेळणारं पोर. वाकलेलं, बसलेलं माणूस त्या जनावराला माणसासारखं दिसत नाही. रात्री विजेची पाळी असते म्हणून घरातली माणसं अंधारात दारं धरायला जातात आणि मागे वस्तीवर बायका-पोरं एकटी राहतात. दिवसा वीज, घरात संडास, घराभोवती उसापासून मोकळी पट्टी, ओट्यावर दिवा. या मागण्या बिबट्याच्या नावाने केल्या की लगेच पिंजऱ्यावर गाडी येते आणि वीज मागे पडते. पिंजरा एका दिवसात येतो, फोटो निघतो. दिवसाच्या विजेला वर्षं लागतात.

आता नवा उपाय निघाला आहे, मादी बिबट्यांच्या गर्भनिरोधनाचा. 2025 च्या अखेरीस केंद्राने जुन्नरसाठी प्रयोग म्हणून त्याला मान्यता दिली. आमचा त्याला विरोध नाही. मात्र शहरातली मांजर ऑपरेशन करून त्याच गल्लीत परत सोडतात, हे लक्षात ठेवायला हवं. गर्भनिरोधन केलेली मादीही उद्या रात्री भुकेलीच असणार आणि त्याच उसात असणार. संख्या उतरायची तर त्याला वर्षं लागतील. तोवर शाळेत जाणाऱ्या पोरांची वाट, वस्तीवरचा दिवा आणि मोकाट कुत्री ही आपलीच कामं राहतात, आणि ग्रामसभेत ती मांडायलाही आपल्यालाच उठावं लागेल.

तूर्त हंगाम तोंडावर आहे. फडात पिलं दिसली तर हात लावू नका, फोटोसाठी गर्दी होऊ देऊ नका. मुकादमाला सांगून तेवढा पट्टा त्या दिवशी उभा ठेवा आणि वनखात्याच्या 1926 या नंबरवर फोन करा. कोप्यांतल्या बायांना ही माहिती कोणी दिलेली नसते, त्या दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या असतात. पाणी भरायला त्या आपल्याच विहिरीवर येतात, तेव्हा त्यांनाही हे सांगा.